रोजच्या रस्त्यावरची कुणाच्या लक्षात न येणारी शिल्पं-चित्रं कशी शोधायची?

ओलीभिंत:
सहा वर्षं मी एकाच सरकारी इमारतीच्या बाजूने चालत ऑफिसला जाते. परवा पाऊस थांबल्या थांबल्या तिथनं गेले तर भिंत अर्धी ओली, अर्धी वाळलेली, आणि त्यात एकदम पक्षी दिसले! सिमेंटमधलं उठावशिल्प आहे, चांगलं दोन मजले उंच, आणि मी आजवर त्याला नुसतं खडबडीत प्लास्टर समजत होते. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, असं अजून काय काय असेल जे मी रोज ओलांडून जाते? कुणी मुद्दाम शोधत फिरतं का असं? सुरुवात कुठून करायची?

पायवाट७:
मी फिरतो. पहिली गोष्ट, वेळ बदल. उठावशिल्प दुपारी डोक्यावरच्या उन्हात सपाट दिसतं, सकाळी नाहीतर संध्याकाळी तिरकं ऊन पडलं की सावल्या लांबतात आणि आकार उठून येतात, तुझ्या पावसाने जवळपास तेच काम केलं. दुसरं म्हणजे नजर. आपण दुकानांच्या उंचीवरच बघत चालतो, वर छज्जाखाली आणि खाली पायाशी कुणी बघत नाही. पॅरिसमध्ये यान डिबेट्स या डच कलाकाराने १९९४ मध्ये आरागो या खगोलशास्त्रज्ञाचं स्मारक केलं ते अख्खं जमिनीत आहे, शहरातून जाणाऱ्या जुन्या रेखावृत्तावर ब्राँझच्या १३५ चकत्या बसवल्या, प्रत्येक फक्त १२ सेंटीमीटरची. लोक रोज त्यावर पाय देऊन जातात. मला स्वतःला हे पुतळ्यापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

कानोसा:
नुसतं बघू नका, ऐका पण! न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फुटपाथच्या जाळीखालून घंटेच्या घुमण्यासारखा एक आवाज सतत येतो, ती मॅक्स न्यूहाउसची कलाकृती आहे, १९७७ ची. १९९२ ला बंद पडली, २००२ ला परत सुरू केली. तिथे पाटीच लावलेली नाही कारण त्यालाच ती नको होती, माणसाला ते आपलं आपण सापडावं म्हणून.

कोनशिला_वाचक:
ओलीभिंत, इमारत कधीची आहे ते बघ. १९५० ते ८० मधल्या शाळा, हॉस्पिटलं, पोस्ट, कॉलेजं यात असं काम खूप सापडतं, कारण बऱ्याच देशांत सरकारी बांधकामाच्या खर्चातला थोडा हिस्सा कलेवर घालायचा नियम आला, फ्रान्समध्ये १९५१ पासून शाळा-कॉलेजांच्या बांधकामात एक टक्का, अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये केला. पुढे इमारतीला रंग मारला जातो, पाइप येतात, एसी लागतात आणि ते काम मागे दडतं. कोनशिलेवरचं साल टिपून घे, मग त्या वर्षाचे जुने पेपर लायब्ररीत चाळ, उद्घाटनाच्या बातमीत कलाकाराचं नाव सापडायची शक्यता असते. आणि सही! खालच्या कोपऱ्यात, बहुतेक उजवीकडे.

ओलीभिंत:
आज संध्याकाळी परत गेले. पावसाच्या पाइपमागे सही आहे, दोनच अक्षरं वाचता येतात आणि पुढे ६८. एकूण अकरा पक्षी मोजले, बारावा एसीच्या खोक्याखाली असावा कारण पंखाचं टोक बाहेर डोकावतंय. वॉचमन दादा पण येऊन बघत उभे राहिले, म्हणाले एवढी वर्षं ड्युटी करतोय पण हे माहीत नव्हतं.

कोनशिला_वाचक:
६८ म्हणजे सालच असणार, भारी! आता उशीर करू नकोस, तिरक्या उन्हात समोरून एक पूर्ण फोटो घे, सहीचा जवळून एक, आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या ऑनलाइन नकाशावर ती जागा टाक, तिथे कलाकृतीसाठी वेगळी खूण आहे. दुरुस्ती निघाली की ठेकेदार प्लास्टर समजूनच फोडतो, त्याचा तरी काय दोष, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. इमारतीच्या ऑफिसात एक अर्ज पण देऊन ठेव, फोटो जोडून, आणि पोच घे.

ओलीभिंत:
सोमवारी देते अर्ज. बाराव्या पक्ष्याचं पण लिहिते त्यात.