प्रतिकाराविना सराव केलेली आयकिदो ही युद्धकला राहते का?

धागालेखक :
मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी घडवलेल्या आयकिदो या जपानी युद्धकलेचा नैतिक आग्रह मला मनापासून पटतो : हल्ला निष्फळ करावा, पण हल्लेखोराला शक्यतो इजा होऊ देऊ नये. आक्षेप आहे तो सरावाच्या रूढ पद्धतीवर. हल्ला करणारा ‘उके’ ठरलेल्या रीतीने मनगट धरतो, समोरचा वळतो किंवा आत शिरतो आणि कोतेगाएशी, म्हणजे मनगट पिळून पाडण्याचे तंत्र, पूर्ण होण्याआधीच उके पडायला तयार असतो. ज्याला प्रतिकार करणाऱ्या माणसाला आवरता येत नाही, त्याने दाखवलेल्या संयमाला काय अर्थ आहे? इजा न करण्याची निवड करण्यासाठी आधी परिस्थिती आपल्या हाती असावी लागते.

प्रतिसाद (आयकिदोची साधक) :
उके शरणागत नसतो. प्रामाणिक हल्ला करणे आणि तोल गेल्यावर स्वतःला सुरक्षित ठेवत पडणे, म्हणजेच उकेमी, ही शिक्षणाची अर्धी बाजू आहे. शिहोनागे या फेकीच्या तंत्रात हात डोक्यामागे दुमडला जातो; तिथे नवख्याने हट्टाने विरोध केला आणि दुसऱ्याने जोर लावला, तर कोपर निखळू शकते किंवा डोके जमिनीवर आपटू शकते. जपानच्या जुन्या शस्त्रपरंपरांनीही शतकानुशतके जोडीने करायच्या ठरीव रचनांमधूनच विद्या दिली आणि त्यांना कोणी नृत्य म्हटले नाही. उएशिबांचा स्पर्धेला विरोध होता, कारण जिंकण्याची ओढ लागली की समोरचा माणूस आपल्यासाठी केवळ अडथळा उरतो.

धागालेखक :
धोक्याचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावर उपाय शोधले गेले आहेत. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी ज्युदोतील घातक तंत्रे मुक्त सरावातून वगळली, म्हणूनच उरलेली तंत्रे पूर्ण ताकदीने करता येऊ लागली. कानो आणि उएशिबा या दोघांचे शिष्य असलेल्या केंजी तोमिकी यांनी वासेदा विद्यापीठात हाच विचार आयकिदोत आणला. त्यांच्या पद्धतीत एकाच्या हाती मऊ सुरी असते आणि दुसरा तिला खरोखर तोंड देतो.

प्रतिसाद (आयकिदोची साधक) :
आणि त्यातून काय घडते, हेही पाहावे. गुण सुरीच्या स्पर्शावर मिळतात, म्हणून हल्ले आखूड होतात, दोघे एकमेकांच्या दंडांना धरून रेटत राहतात आणि तंत्र नियमांच्या मापाने कापले जाते. उलट उएशिबांचे शिष्य गोझो शिओदा यांच्या योशिनकान या आयकिदो शाखेत स्पर्धा केंद्रस्थानी नसूनही शिस्त इतकी कठोर आहे की तोक्योच्या दंगलविरोधी पोलिसांना तिथल्या सुमारे वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी पाठवले जाते.

धागालेखक :
शिओदांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ते उएशिबांकडे आले तेव्हा ज्युदोत तयार झालेले होते. तोमिकीही तसेच, आणि उएशिबांचे आणखी एक शिष्य तेन्र्यू तर नावाजलेले सुमो मल्ल होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या त्या पिढीतील अनेकांना माणूस कसा झटापट करतो, पाय कसा रोवतो, ऐन वेळी हात कसा काढून घेतो, हे अंगाने ठाऊक होते आणि सहकार्याचा सराव त्या अनुभवावर चढत होता. आज दोजोमध्ये, म्हणजे सरावगृहात, पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याकडे तो पाया नसतो, सराव मात्र तोच राहिला आहे. माझ्या मते आयकिदोच्या आजच्या दुबळेपणाचे खरे कारण हेच आहे. मला चषक नकोत. तोल खरोखर गेला नसेल तर उकेने पडू नये आणि पकड सोडून दुसरा हल्ला करण्याची त्याला मुभा असावी, एवढेच मागतो.

प्रतिसाद (आयकिदोची साधक) :
पाया हरवल्याचे तुमचे निदान मला स्वीकारावेसे वाटते. पण ही मुभा पहिल्या दिवसापासून देण्यास माझा विरोध कायम आहे. ज्याला अजून सुरक्षित पडता येत नाही, त्याच्याबरोबर असा प्रयोग केला तर इजा न करण्याचे तत्त्व वर्गातच मोडले जाईल. उकेमी पक्की झाल्यावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि प्रथम केवळ मनगटाच्या पकडीपुरता असा सराव होणार असेल, तर मी स्वतः उके म्हणून उभी राहीन. गुणांकन सुरू झाले, तर राहणार नाही.