पीएचडीच्या गाईडशी बोलणं झालं की मेल करायचाच का?

ताळगावपठार: करायचाच, आणि त्याच संध्याकाळी. पाच-सहा ओळी पुरतात: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे पीएचडीचे ८ विद्यार्थी असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायकाकडे ४. एवढ्यांत तुमचं नमुने घ्यायचं कुठलं स्टेशन (ठिकाण) गाळायचं ठरलं होतं, हे सरांच्या लक्षात कसं राहणार?

खाजनकाठ: पटत नाही. ऊठसूट मेल आला की सरांना वाटतं, हा पुरावे गोळा करतोय. मग ते मोकळं बोलत नाहीत, आणि कामाच्या गोष्टी तर चहा पितानाच निघतात. महिन्याला एक पान पाठवा, बस्स.

ताळगावपठार: ट्रॉलरच्या मासळीवर काम असेल तर महिना परवडत नाही. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी. मेच्या सुरुवातीला सर म्हणाले, "बघूया, नमुन्यांसाठी एक जेटी वाढवू." लेखी काहीच नाही. विद्यार्थी होकाराची वाट बघतोय, सर समजतायत काम चालू आहे. पावसाआधीचे नमुने हुकले की थेट पुढचं वर्ष! पीएचडीची मुदत मात्र कोर्सवर्क धरून सहाच वर्षांची.

मळेकरीण: बिनसतं ते मेलच्या भाषेवरून. "तुम्ही म्हणाला होता" लिहिलं की ती साक्ष होते. "मला असं समजलं, चुकलं असल्यास सांगावं" असं लिहा, कुणी रागावत नाही. प्रकरणांचंही तेच. ऐंशी पानं एकदम दिली की ती टेबलावर पडून राहतात. एक प्रकरण द्या, वर तीन प्रश्न लिहा: आलेख ४ ठेवू का, हा निष्कर्ष टिकतो का, असे. प्रश्न नसतील तर फक्त स्वल्पविराम दुरुस्त होऊन येतात. आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे बसायचं असतं, त्याच्या स्लाइड्स आठ-दहा दिवस आधी सरांना दाखवा. मतभेद पहिल्यांदा समितीसमोर उघडे पडले, तर पुढचे सहा महिने जड जातात.

खाजनकाठ: भाषेचं मान्य. पण दोन मेलना उत्तर नसेल तर तिसरा कशाला? सकाळी लेक्चरच्या आधी केबिनबाहेर उभं राहा, 'हो' की 'नको' एवढंच विचारा. (चवथीच्या आठवड्यात तेही नको.)

ताळगावपठार: विचारा की. आणि 'हो' म्हणाले की तेवढं मेलवर टाका.