टाळेबंदीत बुद्धिबळपटूंनी मन आणि शरीर कसे सांभाळावे?

जुळे_सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी तेरा वर्षांची मुलगी लहानपणापासून बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळते. मार्च २०२० पासून तिची एकही प्रत्यक्ष स्पर्धा झालेली नाही, आणि आता, मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांमुळे तिची शिकवणीही पुन्हा संगणकावर गेली आहे. बुद्धिबळ हा घरात बसून खेळायचा खेळ असल्यामुळे क्रिकेट किंवा खो-खो खेळणाऱ्या मुलांपेक्षा तिचे बरे चालेल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात शाळेचे ऑनलाइन तास संपले की ती त्याच खुर्चीत, त्याच पडद्यासमोर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळत राहते. हरली की लगेच दुसरा डाव लावते, रात्री उशिरापर्यंत जागते, मान दुखते म्हणते, आणि ज्या स्थितीवर ती पूर्वी अर्धा तास विचार करत असे तिच्यावर आता दोन मिनिटेही थांबत नाही. पार्कचे मैदान बंद, सिद्धेश्वर तलावाकडे फिरणे बंद, आणि दुपारी गच्चीवर पाय ठेवण्याची सोय नाही. ज्या वयोगटातून तिला राज्य स्पर्धा खेळायची होती तो वयोगट ती न खेळताच ओलांडणार, याचे दुःख वेगळेच. खेळ बंद करायला सांगणे मला पटत नाही आणि हे असेच चालू देणेही पटत नाही. अनुभवी खेळाडूंनी आणि पालकांनी मार्गदर्शन करावे.

काळे_मोहरे

मान आणि झोपेचे ठीक आहे, पण व्यायामाची फार चिंता करू नका. मोठे खेळाडू नुसते पटासमोर बसून दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतात, असे मी वाचले आहे.

हत्तीघर

सहा हजारांचा हा आकडा समाजमाध्यमांवर फार फिरला, परंतु त्यावर विसंबून मुलीला खुर्चीत बसवून ठेवू नये. २०१८ मध्ये रशियाचे ग्रँडमास्टर मिखाइल अँटिपोव्ह यांच्या हृदयाच्या ठोक्यांवरून दोन तासांच्या खेळात ५६० कॅलरी खर्च झाल्याचे सांगितले गेले होते. मात्र ताणामुळे ठोके वाढले तरी ठोके मोजणारे यंत्र त्याची नोंद श्रम म्हणूनच करते. खरे उलटेच आहे. चार-पाच तासांचा डाव शेवटपर्यंत नीट खेळण्यासाठी शरीर आधी कमवावे लागते. माजी जगज्जेते मिखाइल बोट्विनिक स्पर्धेपूर्वी मोकळ्या हवेत राहून तब्येत तयार करत आणि स्पर्धेच्या तोंडावर काही दिवस पटाला हातही लावत नसत. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांचा १९८४ मध्ये सुरू झालेला जगज्जेतेपदाचा सामना पाच महिने आणि ४८ डाव चालला आणि खेळाडू दमले आहेत या कारणास्तव फेब्रुवारी १९८५ मध्ये निकालाविना थांबवला गेला, हे तर सर्वश्रुत आहे.

मी सोलापुरात बरीच वर्षे मुलांना शिकवत आहे, त्यामुळे मूळ प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्या मुलीला बुद्धिबळ कमी पडलेले नाही. तिच्या बुद्धिबळाला शेवट उरलेला नाही, हा खरा त्रास आहे. स्पर्धेत डाव संपला की आपण हात मिळवतो, चाली लिहिलेला कागद पंचांकडे देतो, बाहेर येऊन प्रतिस्पर्ध्याबरोबर पुन्हा पट मांडतो, चहा घेतो, पुढच्या फेरीपर्यंत पाय मोकळे करतो. या सगळ्यात हरल्याचा राग हळूहळू उतरतो. ऑनलाइन खेळात हरल्याक्षणी पडद्यावर ‘पुन्हा खेळा’ असे बटण येते, आणि राग न उतरता पुढच्या डावात शिरतो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन डावांची संख्या आधीच ठरवतो, प्रत्येक हरलेल्या डावानंतर खुर्चीतून उठणे सक्तीचे करतो, आणि तीन मिनिटांऐवजी किमान पंधरा मिनिटांचे, चालीमागे दहा सेकंद वाढवून मिळणारे डाव खेळायला लावतो. झटपट डाव पूर्ण बंद करू नयेत, त्यात मुलांना मजा येते. पण ते जेवणानंतरच्या बडीशेपेसारखे असावेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. घरातला लाकडी पट बाहेर काढा. शहरातल्याच एखाद्या मैत्रिणीला फोन लावावा, दोघींनी आपापल्या घरी पट मांडावा, आणि ‘ई चार’, ‘सी पाच’ अशा, घराचे अक्षर आणि आकडा सांगून, चाली तोंडाने सांगत तासाभराचा डाव खेळावा. डोळ्यांना विश्रांती मिळते, चाली वहीत लिहिल्या जातात, आणि समोर माणूस असल्याची जाणीव राहते. घरात आजोबा असतील तर त्यांच्याशी देशी पद्धतीने खेळण्यासही हरकत नाही, म्हणजे प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे जात नाही आणि राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची उडी घेता येते. पाठ केलेल्या ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचा, त्यात काहीच उपयोग नसल्यामुळे मुले पहिल्या चालीपासून स्वतः विचार करू लागतात, असे माझे निरीक्षण आहे.

वयोगटाबद्दल खोटे समाधान देणार नाही. ती संधी गेली ती गेली. रेटिंगचे, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या गुणांचे, मात्र तसे नाही. न खेळल्याने रेटिंग घटत नाही, आणि १८ वर्षांखालील, २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूसाठी फिडेचा (जागतिक बुद्धिबळ महासंघाचा) गुणांक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती बदलते ते ठरवणारा आकडा, ४० असल्यामुळे बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यावर एक विजय मिळवला की २० गुण वाढतात. तिने या काळात एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) पक्के केले, तर स्पर्धा सुरू झाल्यावर रेटिंग फार लवकर तिच्या खऱ्या ताकदीपर्यंत पोहोचेल.

फिजिओ_होटगी_रोड

मानेविषयी लिहिते. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवला की मान सतत खाली राहते, म्हणून त्याखाली जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि माऊस वेगळा जोडावा. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट द्यावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब पाहावे. आपल्याकडच्या उन्हात व्यायाम पहाटे सहाच्या सुमारास किंवा दिवेलागणीनंतर गच्चीवर करावा. सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या आणि भरभर चालणे एवढे पुरेसे आहे. झोपण्याच्या तासभर आधी पडदा बंद असावा, आणि या एका बाबतीत मी पालकांना अजिबात सवलत देत नाही.

एक गोष्ट नाजूक आहे. या लाटेत अनेक घरांतली माणसे गेली आहेत. झोप न लागणे, जेवणावरून मन उडणे, आवडता खेळही नकोसा वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर त्याचा इलाज वेळापत्रकात शोधू नये, डॉक्टरांशी बोलावे.

सातरस्ता_६४

हत्तीघर सरांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु ऑनलाइन खेळाला एवढे कमी लेखू नये असे वाटते. गेल्या ऑगस्टमध्ये भारताने रशियाबरोबर संयुक्त सुवर्णपदक मिळवले ते ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्येच (देशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेत), आणि त्या संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता. अंतिम सामन्यात निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव इंटरनेट तुटल्यामुळे गेले, म्हणून पदक विभागून दिले गेले. वीज आणि इंटरनेट ऐन वेळी जाणे हा प्रकार आपल्याला नवा नाही. तेव्हा डाव असा गेला तर चिडायचे नाही, हेही मुलांना शिकवावे लागेल.

मोठ्या खेळाडूंनाही हा काळ सोपा गेलेला नाही. विश्वनाथन आनंद गेल्या वर्षी जर्मनीत अडकले आणि मेअखेरीसच भारतात परतू शकले. मधल्या काळात त्यांनी जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेचे समालोचन केले. ती स्पर्धाही सातव्या फेरीनंतर २६ मार्च २०२० रोजी थांबली आणि उरलेल्या सात फेऱ्या खेळायला आठही जणांना १९ एप्रिल २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. चीनचा डिंग लिरेन रशियात दोन आठवडे विलगीकरणात राहून पटावर बसला आणि पहिले दोन्ही डाव हरला. विलगीकरणच त्याला कारणीभूत होते असे म्हणता येणार नाही, पण ही गोष्ट मुलीला जरूर सांगावी. जगातल्या पहिल्या चार-पाच खेळाडूंपैकी एकाचे असे होऊ शकते हे कळले, तर स्वतःच्या चिडचिडीची तिला लाज वाटणार नाही.

जुळे_सोलापूरकर

सर्वांचा आभारी आहे. पडद्याखाली पुस्तके ठेवली आणि रात्री नऊनंतर लॅपटॉप आमच्या खोलीत राहील असे ठरवले. यावर अपेक्षेप्रमाणे भांडण झाले. फोनवरच्या डावाची कल्पना मात्र तिला लगेच आवडली. अडचण एवढीच आहे की तिच्या ओळखीच्या मुली तिच्यापेक्षा बऱ्याच नवख्या आहेत. शिवाय अशा डावात घड्याळ कसे चालवावे?

हत्तीघर

घड्याळ एकाच घरी ठेवावे. ज्या घरी घड्याळ आहे तिथल्या मुलीने चाल ऐकल्यावरच समोरच्या बाजूचे बटण दाबावे, आणि प्रत्येकीला एक तास द्यावा. प्रत्येक चाल ऐकणाऱ्या मुलीने मोठ्याने परत म्हणावी, म्हणजे ‘बी’ आणि ‘डी’ यांचा गोंधळ होत नाही. मजबूत प्रतिस्पर्धी हवी असेल तर अशोक चौकाकडची माझी एक विद्यार्थिनी साधारण याच वयाची आहे आणि तिलाही हाच त्रास आहे. तिच्या पालकांना विचारून मी आपल्याला व्यक्तिगत निरोप पाठवतो. पहिला डाव रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी ठेवू, आणि डाव संपल्यावर दोघींनी फोन न ठेवता निदान वीस मिनिटे तोच डाव मिळून तपासावा.