मदत हवी आहे : रविवारी हत्तरसंग कुडलला कसं जायचं?

सोलापुरात कॉलेजला येऊन दोन वर्षं झाली पण बघितलं काय तर भुईकोट किल्ला, तोही बाहेरच्या बागेत शेंगाचटणी भाकरी खाण्यापुरता, सिद्धेश्वर मंदिर आणि लांबून महापालिकेची जुनी इमारत इंद्रभुवन. चार हुतात्मा चौकातून रोज जातो, पण १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिली हे परवा कळलं, लाजच वाटली की. आता १०१८ चा मराठी शिलालेख बघायला सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलला जायचंय. एसटी थेट मिळते का टू व्हीलर बरी? रस्ता कसाय? आणि सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापलेली ६८ शिवलिंगं चालत एका दिवसात होतात का, कुणी केलंय का? रूममेट म्हणतो उन्हात मरशील बे.