गोराईतल्या वाडीवर शाळकरी मुलांसाठी भातलावणी आणि गाणी: बेत कसा आखावा?

खाडीपलीकडे: गोराईला घरची दीड एकर वाडी आहे. दोन खाचरं भाताची, बाकी भाजी. जुलैत शनिवारी सकाळी शाळेची 40 मुलं येतील. लावणी, जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत) आणि शेतातली गाणी असं तीन तासांत बसवायचंय. गाणी शेवटी अंगणात ठेवावीत का? ढोलकी आणि माईकची सोय होईल.

नांग्या_भरणारा: गाणी शेवटी नकोत, चिखलातच हवीत. भलरी हे कामाचंच गाणं, एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं. पाच मीटरची सुतळी घ्या, दर 20 सेंमीला लाल चिंधी बांधा, दोन्ही टोकांना खुंटी. एका सुतळीवर दहा मुलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन चूड (एकत्र लावायच्या रोपांचा झुबका). कडवं चालू असताना चिंधीपाशी चूड लावायचा, धृपदाला सगळ्यांनी एक पाऊल मागे आणि सुतळीही मागे. बेताल झालं की ओळ वाकडी होते, मुलांना ते सांगावं लागत नाही.

रोप 21 ते 25 दिवसांचं, एका चुडात 2-3 काड्या. मुलं मनगटापर्यंत खुपसतात, मग फुटवे (बुडातून फुटणाऱ्या नव्या काड्या) कमी येतात; बोटाची दोन पेरं पुरे. खाचरात पाणी जास्त असेल तर रोपं तरंगतात, आदल्या संध्याकाळी बांध फोडून दोन बोटं पाणी ठेवा. दुसऱ्या दिवशी नांग्या भरायला, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागी रोपं लावायला, घरची दोन माणसं लागतीलच, ते धरून चाला.

आणि पत्रकावर नुसतं ‘लावणी’ छापू नका. पालक फेट्याची आणि घुंगरांची चौकशी करतात. ‘भातलावणी’ लिहा.

शेणमाती: जीवामृत गुरुवारी सकाळी भिजवा, शनिवारी 48 तास होतात. 200 लिटरच्या पिंपात 10 किलो ताजं शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, बाकी पाणी. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ दे. पिंप सावलीत हवं, तोंडाला गोणपाट. घट्ट झाकण लावू नका, आत वायू साठतो. सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. सडका वास आला तर समजा ढवळणं चुकलं किंवा पिंप उन्हात राहिलं. एकराला एक पिंप पुरतं, आठवड्याच्या आत संपवा.

चिखलाबद्दल एक: पायाला जखम असलेलं मूल खाचरात उतरवू नका, बांधावरून रोपं पुरवू दे. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो आणि मुंबईच्या पावसात तो नवा नाही. बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवायला नळ आणि दोन बादल्या ठेवा. कोणाला नंतर ताप आला तर ‘चिखलात उतरला होता’ हे डॉक्टरांना सांगायचं, हे शाळेला लेखी द्या.

चामड्याची_थाप: जुलैत ढोलकी नको. दमट हवेत कातडं सैल पडतं, स्वर उतरतो; शेगडीवर किंवा उन्हात तापवली तर शाई (कातड्यावरचा काळा लेप) तडकते. टाळ आणि चिपळ्या न्या. माईकही नको, लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि तीस पावलांवर उभ्या मुलांना तो कशाला हवा?

तालाला खुळखुळे करायचे तर दुधी आत्ताच मांडवावर चढवा. वेल वाळून देठ तपकिरी झाला की बोटभर देठ ठेवून कापा, सावलीत टांगा. दोन-तीन महिने लागतात. वरून बुरशी येते, ती खरवडली की झालं; दाबल्यावर मऊ लागला तर तो सडलाय, फेका. वाजतो का ते हलवून बघा, आतल्या बिया सुट्या झाल्या की आवाज येतो.

खाडीपलीकडे: आवाज कमी वाटला तर आत गुंजा घालू? कुंपणावर भरपूर आहेत, दिसतातही छान.

शेणमाती: अजिबात नको. गुंज विषारी, चावून खाल्ली तर जिवावर बेतते, आणि खुळखुळा फुटला की ती लाल बी पहिल्यांदा लहान मूलच उचलतं. धुऊन वाळवलेले चिंचोके घाला, एका दुधीत दहा-बारा. तांदूळ घातलेत तर पोरकिडे होतील.