शब्दचर्चा : ‘गोपनीय सहमती’ यात गुप्त काय आणि सहमती कशावर?

भाषांतरकार : कूटशास्त्रावरच्या (क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याचं शास्त्र) एका मजकुराचं मराठी करतोय. एक वाक्य असं उतरलं : ‘अनेक पक्षांमध्ये गोपनीयता राखून सहमती घडवणारे शिष्टाचार’. व्याकरण चुकलेलं नाही, पण वाचताना दोन देशांच्या तहाची बातमी वाटते. यातले कोणते शब्द बदलावेत?

संगणकवाला : ‘शिष्टाचार’ आधी काढा. पाहुण्यांच्या स्वागताचा प्रोटोकॉल वेगळा. इथला प्रोटोकॉल म्हणजे कोणी, कोणाला, कोणत्या क्रमाने, काय पाठवायचं याचे ठरलेले नियम. सरळ ‘प्रोटोकॉल’ लिहा, सगळ्यांना कळतो. ‘पक्ष’ऐवजी ‘सहभागी’ लिहिलंत की तहाचा वासही जाईल.

खरी अडचण ‘गोपनीय सहमती’ या जोडीत आहे. तीत दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. पहिला, सगळ्यांच्या हाती शेवटी एकच उत्तर कसं येईल? दुसरा, ते उत्तर काढताना प्रत्येकाची माहिती झाकलेली कशी राहील? १९८२ साली लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी ‘बायझंटाईन सेनापतीं’चा प्रश्न मांडला, तो पहिल्या जातीचा. त्यात लपवायचं काहीच नाही. काही सेनापती खोटं बोलत असताना बाकीच्यांनी एकाच बेतावर कसं यायचं, एवढंच. त्याच वर्षी अँड्र्यू याओ यांनी दोन लक्षाधीशांचा प्रश्न मांडला : आपापली संपत्ती न सांगता दोघांपैकी श्रीमंत कोण हे कसं ठरवायचं? हा दुसऱ्या जातीचा. तुमच्या मजकुरात नेमका कोणता आहे ते पाहा.

भाषांतरकार : दुसरा. पण शेवटी सगळे एका निकालावर येतात, म्हणून ‘सहमती’ लिहिलं.

व्याकरणप्रेमी : ‘सहमती’त मत आहे, आणि मत म्हटलं की मन आलं. यंत्रांना मन कुठलं? त्यांच्या नोंदवहीत एकच आकडा उमटला पाहिजे, इतकीच अपेक्षा. ‘एकमत’ तर आणखी लांब, कारण इथे काही जण फितूर असले तरी काम चालतं. मला ‘एकवाक्यता’ आवडतो. मीमांसेतला जुना शब्द आहे, आणि सगळे एकच वाक्य बोलतात असा अर्थ थेट निघतो.

संगणकवाला : एकवाक्यता पहिल्या प्रश्नाला चपखल आहे. आणि ‘फितूर’ हा शब्द तुम्ही सहज वापरलात, तो ठेवाच. सही-शिक्क्याची सोय नसेल तर एका फितुराला पुरून उरायला किमान चार सेनापती लागतात, दोघांना सात. तिघांत एक फितूर असेल तर खोटारडा कोण हे उरलेल्यांना ठरवताच येत नाही.

गणितवाली : मला ‘गोपनीयते’वर बोलायचं आहे. आपल्याकडे ‘गोपनीय अहवाल’ म्हणजे अख्खा अहवाल कपाटात. इथे तसं नाही. उत्तर सगळ्यांसमोर उघड होतं, गुप्त राहतात ते घातलेले आकडे. तेही पूर्ण गुप्त नव्हेत, उत्तरावरून जेवढं कळेल तेवढं कळणारच.

उदाहरण घेऊ. क, ख, ग, घ यांना आपापल्या आकड्यांची बेरीज हवी आहे, पण आकडा सांगायचा नाही. आकडे ७, ४, ९, ६. शंभर झाले की पुन्हा शून्यापासून मोजायचं, हा नियम. क मनात ५८ धरतो, त्यात आपले ७ मिळवतो आणि ख ला ६५ सांगतो. ख पुढे ६९ सांगतो, ग ७८ सांगतो, घ पुन्हा क ला ८४ सांगतो. क त्यातून ५८ वजा करतो : २६. कोणाचाच आकडा उघड झाला नाही.

आता क आणि ग यांनी संगनमत केलं तर? ख ला ६५ मिळाले आणि त्याने ६९ दिले, म्हणजे त्याचे ४. संपलं. नुसत्या २६ वरून त्यांना ख आणि घ यांचे मिळून १० एवढंच कळलं असतं. हे जास्तीचं गळालं ते पद्धतीतून. म्हणून ‘गोपनीयता राखून’ असं मोघम लिहू नये. काय लपलंय, कोणापासून, आणि किती जण एकत्र येईपर्यंत, हे तीन सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

भाषांतरकार : मग ही गळती थांबवतात कशी?

गणितवाली : प्रत्येकाने आपल्या आकड्याचे चार तुकडे करायचे. तीन वाट्टेल ते, आणि चौथा असा की शंभरच्या त्याच हिशेबात बेरीज जमावी. एक स्वतःकडे ठेवायचा, बाकीचे एकेकाला गुपचूप द्यायचे. मग हाती आलेल्या तुकड्यांची बेरीज प्रत्येकाने जाहीर करायची आणि त्या चार बेरजा मिळवायच्या. आता ख चा आकडा काढायला उरलेले तिघेही फुटावे लागतात. आणि तिघे फुटले तर नुसत्या उत्तरावरूनही तो निघतोच, तिथे कुठलीच पद्धत काही करू शकत नाही.

भाषांतरकार : याला माझ्या मजकुरात ‘सीक्रेट शेअरिंग’ म्हटलंय. ‘गुपित शेअर करणे’ लिहिलं तर उलटाच अर्थ होतो ना?

व्याकरणप्रेमी : अगदी उलटा! बोलण्यात शेअर करणं म्हणजे सांगून टाकणं. ‘गुपिताचे वाटे’ म्हणा. वाटे घातले की प्रत्येकाकडे एकेक.

गणितवाली : वाटे चालेल, फक्त एक तळटीप द्या. एरवीच्या वाट्यात मूळ वस्तूचा अंश असतो. इथे एकट्या वाट्यातून गुपिताबद्दल काहीच कळत नाही. १९७९ मध्ये आदी शमीर यांनी सुचवलेली युक्ती पाहा : गुपित म्हणजे एका सरळ रेषेने उभ्या अक्षाला जिथे छेद दिला ते ठिकाण, आणि वाटा म्हणजे त्या रेषेवरचा दुसरा एखादा बिंदू. एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात, त्यामुळे एकटा माणूस कोराच. दोन बिंदू मिळाले की रेषा पक्की. तिघांपैकी कोणीही दोघं हवेत असं ठरवायचं असेल तर रेषा घ्या. तिघं एकत्र आल्याशिवाय उघडू नये असं हवं असेल तर वक्र घ्या.

संगणकवाला : ही कागदावरची करमणूक नाही. जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कमध्ये शुगर बीट पिकवण्याच्या करारांची फेरविक्री अशीच झाली. सुमारे १,२०० शेतकऱ्यांनी बोली लावल्या. साखर कंपनीला एकेकाची बोली कळली असती तर त्याची आर्थिक ताकद कळली असती, आणि पुढच्या घासाघीशीत तो अडचणीत आला असता. शेतकऱ्याची झाकली मूठच बरी! म्हणून प्रत्येक बोलीचे वाटे करून ते तीन ठिकाणी ठेवले : कंपनी, शेतकऱ्यांची संघटना आणि संशोधक. तिघांनी मिळून हिशेब केला आणि जाहीर झाला तो बाजारभाव. मूळ बोली कोणा एकाच्या हाती कधीच आल्या नाहीत.

भाषांतरकार : तिथे कंपनी नियमाने वागेल हे गृहीतच धरलं होतं ना? माझ्याकडे अशा सहभागींना ‘प्रामाणिक पण जिज्ञासू’ म्हटलंय.

व्याकरणप्रेमी : ‘जिज्ञासू’ ही स्तुती झाली. नियम पाळतो, पण हाती आलेल्या प्रत्येक कागदात नाक खुपसतो, त्याला मराठीत भोचक म्हणतात. ‘प्रामाणिक पण भोचक’.

संगणकवाला : झकास. पण भोचक आणि दगाबाज यांची गल्लत होऊ देऊ नका. १९८८ साली बेन-ऑर, गोल्डवासर आणि विगडर्सन यांनी दाखवलं की दोघांदोघांत खासगी संदेशाची सोय असेल, तर भोचक मंडळी निम्म्याहून कमी असेपर्यंत कोणताही हिशेब गुप्तपणे करता येतो. नियमच मोडणारे दगाबाज असतील, तर ते एक तृतीयांशाहून कमी हवेत. शब्द बदलला की आकडा बदलतो.

भाषांतरकार : शेवटचं एक. ‘फेअर’ प्रोटोकॉलला ‘न्याय्य’ लिहू का?

गणितवाली : नको. तिथे न्याय-अन्यायाचा संबंध नाही. उत्तर मिळालं तर सगळ्यांना मिळावं, आपल्या हाती आल्यावर कोणी मध्येच उठून जाऊन बाकीच्यांना कोरडं ठेवू नये, एवढाच अर्थ आहे. आणि दोघांतच व्यवहार असेल तर याची पक्की हमी दर वेळी देता येत नाही. रिचर्ड क्लीव्ह यांनी १९८६ मध्ये दाखवलं की दोघांनी दुरून नाणेफेक केली, तर मध्येच उठून जाणारा निकाल थोडा तरी आपल्याकडे झुकवू शकतोच. ‘सर्वांना उत्तर किंवा कोणालाच नाही’ असं सविस्तर लिहा. लांब होईल, होऊ द्या.