लुइझियानात काय खाल्लंत? या, सांगा

रानजाई:
आज लाडवांसाठी बेसन भाजत होते. खमंग वास सुटला आणि एकदम लाफियेतमधलं ते स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं तिथे होतो. शेजारच्या आजी केजन, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंचभाषक लोकांपैकी, बहिणीशी फोनवर अजून फ्रेंचमध्ये बोलायच्या. पहिल्याच थंडीत त्यांनी मला गंबो, म्हणजे तिथला भातावर घ्यायचा दाट रस्सा, शिकवायला बोलावलं. बिडाच्या भांड्यात तेल आणि मैदा समसमान, आच मंद, आणि पाऊण तास हात थांबवायचा नाही. याला रू म्हणतात. आधी बेसनाचा रंग, मग भाजक्या शेंगदाण्याचा, शेवटी गडद चॉकलेटचा. काळे ठिपके दिसले की जळला, टाकून द्यायचा. माझा पहिला जळला. आजी काही बोलल्या नाहीत, दुसरं भांडं पुढे सरकवलं. मग कांदा, सेलरी, भोपळी मिरची (या तिघांना तिथे 'होली ट्रिनिटी' म्हणतात), कोंबडी, धुरी दिलेलं आंदुई सॉसेज. खाली भात. आजी आता नाहीत.
भाचा मार्चमध्ये चाललाय तिकडे. त्याला काय काय खायला सांगू? तुमचे अनुभव लिहा.

सातारकर_ह्यूस्टन:
मार्च म्हणजे क्रॉफिश (गोड्या पाण्यातले छोटे शेवंड)!!! दुसरं काही नाही खाल्लं तरी चालेल. टेबलावर वर्तमानपत्र पसरतात आणि वाफाळता ढीग ओततात, त्यातच मक्याची कणसं नि बटाटे. माणशी तीन-चार पाउंड घ्यायचे, कारण मांस फक्त शेपटीत. शेपटी पिळून काढा, डोकं चोखा. मसाला सगळा डोक्यात असतो.

खाचरातला_मुठा:
सातारकर, हे क्रॉफिश भातशेतीत वाढवतात हे माहीत आहे का? उन्हाळ्यात भात कापला की शरदात खाचरात पाणी सोडतात, मग हिवाळा-वसंतात पिंजरे लावून धरतात. एकाच शेतात दोन पिकं. ब्रो ब्रिजजवळ बघितलं आणि पावसाळ्यात बांधावर मुठे (शेतातले खेकडे) धरायचो ते आठवलं. आजोबा कंदील धरायचे. त्या गावाला १९५९ पासून 'क्रॉफिशची राजधानी' म्हणतात.

सातारकर_ह्यूस्टन:
मुठ्यांचं कालवण! आता रात्री अकराला कुठून आणू

पानगळ:
शाकाहारी माणसाने काय करायचं? पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन जातेय.

रानजाई:
पानगळ, खरंच विचारून विचारून खा. लाल राजमा-भात दिसायला आपला, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं हाड किंवा सॉसेज असतं. सोमवारचा पदार्थ तो. सोमवारी कपडे धुवायचा दिवस, म्हणून रविवारचं उरलेलं हाड घालून राजमा चुलीवर ठेवायचा आणि धुणं उरकायचं. हिरव्या पाल्याचा गंबोसुद्धा नावावर जाऊ नको, त्यातही बऱ्याचदा मांस असतं. सासूबाईंना पेकनची (अक्रोडासारखा सुकामेवा) प्रालीन चालेल, साखर-लोण्यातली चिक्कीच, पण मऊ. आणि बर्फाचा गोळा, तिथे स्नोबॉल म्हणतात.

पानगळ:
धन्यवाद ताई 🙏 त्यांना गोळा खूप आवडतो

माटुंगा_डब्बा:
बेन्ये! चौकोनी, तळलेले, वर पिठीसाखरेचा डोंगर. काळे कपडे घालून जाऊ नका आणि घास घेताना श्वास सोडू नका. सोबत चिकरी घातलेली दुधाची कॉफी. पहिल्या घोटाला मला माटुंग्याची फिल्टर कॉफीच आठवली. न्यू ऑर्लिन्समधलं कॅफे दू मोंद १८६२ पासून आहे, पहाटे गेलात तर रांग कमी.

गिरणगाव:
मी एकदाच गेलोय, मुलीकडून. पोबॉय खा. लांब पाव, वरून कुरकुरीत, आत कापसासारखा, त्यात तळलेली कोलंबी नाहीतर कालवं. 'ड्रेस्ड' म्हणालात की कोशिंबिरीची पानं, टोमॅटो, मेयोनेज, लोणचं घालतात. जावयाने गोष्ट सांगितली. १९२९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये ट्रामवाल्यांचा संप झाला. मार्टिन नावाचे दोन भाऊ आधी ट्रामवर कंडक्टर होते, मग त्यांनी खाणावळ काढली होती. त्यांनी संपकऱ्यांना फुकट सँडविचेस दिली. आला बिचारा पोरगा म्हणून 'पुअर बॉय'. माझे वडील गिरणीत होते. ८२ च्या संपात कोपऱ्यावरच्या वाण्याने आमच्या घराला दहा महिने उधारीवर तांदूळ दिला. तिथे बसून पाव खाताना मला बोलता येईना.

रानजाई:
काका 🙏

खाचरातला_मुठा:
गिरणगाव, वाण्याचे उपकार फेडले का हो नंतर?

गिरणगाव:
पै न् पै. तो घ्यायला तयार नव्हता, आईने त्याच्या गल्ल्यावर ठेवले.

ऊसतोड_कोल्हापूर:
दुसरंच सांगतो. तिथे उसाचा रस आटवून पाक करतात, चक्क काकवी. तो त्यांच्या बिस्किटांवर (म्हणजे मऊ पाव) घालतात. मिसिसिपीच्या काठाने मैलोन् मैल ऊस. डब्यातली घेऊन आलो, भाकरीबरोबर खाल्ली. घरी कोणी ओळखलंच नाही परदेशी म्हणून.

सातारकर_ह्यूस्टन:
बुदँ राहिलं! भात आणि डुकराचं मांस भरलेलं सॉसेज. आय-१० महामार्गावरून पूर्वेला जाताना पेट्रोल पंपावर घ्यायचं, कातडी दातांत धरायची आणि आतलं दाबून खायचं. स्कॉट गावात थांबा. भाच्याला सांगा, गाडीत कागद ठेव.

तांबडंफुटलं:
ताई, गंबोत भेंडी नाही घातली? शब्दच आफ्रिकेतून आलाय, भेंडीचं नाव. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर ते तिकडे पोचलं.

रानजाई:
भेंडी कोलंबीच्या गंबोत घालायच्या आजी, कोंबडीच्यात नाही. त्यात फिले, म्हणजे सॅसाफ्रासच्या वाळक्या पानांची पूड, तिथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांकडून आलेली. आच बंद केल्यावरच घालायची, उकळली की तार सुटते. भेंडीची तार काढायला त्या ती आधी वेगळी परतायच्या, आपल्यासारखीच.

पानगळ:
लाडू झाले का? किती वेळ भाजलंत बेसन?

रानजाई:
चाळीस मिनिटं. एकवीस झाले. वळताना दोनदा थांबले.